आळ तेलावर, चोर पिठात

तेलाच्या बाटलीवर 'ग्लूटेन-फ्री' असं छापलेलं दिसलं की मला गंमत वाटते. उद्या कोणी मिठाच्या पुडीवर 'बिनहाडाचं' असं छापलं तर ते जेवढं खरं असेल, तेवढंच हे खरं. ग्लूटेन म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतली प्रथिनं. शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल, सोयाबीन, सरकी, मोहरी, नारळ, पाम, भाताचा कोंडा यांतल्या कशातच ती नसतात. अपवाद काढायचाच तर गव्हाच्या अंकुराचं तेल आहे, पण ते क्रीम-लोशनात जातं, आपल्याकडे फोडणीला कोणी घेत नाही.

तरीही कोल्हापुरात ज्या घरात नव्यानं सिलिॲकचं निदान होतं, त्या घरात पहिल्या आठवड्यातच प्रश्न येतो: "मग आता तेल कुठलं आणायचं?" चपाती बंद हे कळलेलं असतं, पाव बंद हेही कळलेलं असतं. पण संशय जाऊन बसतो तेलाच्या डब्यावर. या संशयाला हसू नका. एकेकाळी जगातले मोठमोठे डॉक्टर याच संशयाच्या मागे फिरत होते, आणि त्यात बरीच मुलं हकनाक गेली.

१८८८ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमधले डॉक्टर सॅम्युएल गी यांनी या आजाराचं आधुनिक काळातलं पहिलं नीट वर्णन केलं. पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे, मूल वाढत नाही, आणि शौच पातळ, फिकट, घाण वासाचं, तेलकट. रोगी बरा व्हायचा असेल तर तो आहारानंच होईल, इथपर्यंत गी बरोबर पोचले. पुढे मात्र घोटाळा झाला. त्यांनी भात आणि साबुदाणा वर्ज्य केला, आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव चालेल असं सांगितलं. म्हणजे निर्दोष होते ते बाहेर, आणि गुन्हेगार ताटात! त्यांच्याच टिपणात एका मुलाची गोष्ट आहे. त्याला रोज भरपूर डच शिंपले खायला घातले, तर तो छान सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपल्यावर पुन्हा आजारी पडला, आणि पुढच्या हंगामात पोरगं शिंपल्यांना तोंड लावेना. बिचाऱ्याला रोज तेच खाऊन वीट आला असणार.

शौच तेलकट, म्हणजे स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, म्हणजे ते बंद करा. हा तर्क इतका सरळ आहे की तो कोणालाही पटतो. पुढची कित्येक वर्षं या मुलांचं लोणी, साय, तेल तोडलं गेलं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. त्यात पाव, बिस्किटं, धान्यं, बटाटे सगळंच बंद होतं, आणि मुलं खरोखर सुधारू लागली. श्रेय मात्र केळ्याला गेलं. ताटातून काय गेलं याकडे कोणी पाहिलं नाही, ताटात काय आलं तेवढंच मोजलं.

ही गोष्ट मला परकी वाटत नाही, कारण तिची कोल्हापुरी आवृत्ती मी जवळून पाहिली आहे. आमच्या नात्यातली एक मुलगी सातव्या वर्षी चार वर्षांची दिसायची. पोट नगाऱ्यासारखं. घरातल्या मोठ्यांनी जे केलं ते गी यांनी केलं असतं तसंच होतं: तेल-तूप बंद, शेंगदाण्याचा कूट बंद, तिखट बंद, आणि "हलकं म्हणून" वरणात कुस्करलेली मऊ चपाती. दोन वर्षं. सगळे प्रेमानंच भरवत होते, आणि प्रत्येक घासाबरोबर तिचं आतडं सोलवटत होतं.

गुन्हेगार पकडला तो डचांनी. विलेम-कारेल डिके हे हेगच्या मुलांच्या दवाखान्यातले डॉक्टर. त्यांना १९३० च्या दशकातच पावाचा संशय आला होता. पाव बंद केला की माझ्या मुलाचं बरं वाटतं, असं एका आईनं त्यांना सांगितलं होतं, असं म्हणतात. मग युद्ध आलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. माणसं ट्यूलिपचे कंद उकडून खात होती. हजारो लोक भुकेनं मेले. त्या काळात पाव मिळेनासा झाला आणि डिके यांच्या सिलिॲकच्या मुलांचं मात्र तुलनेनं बरं चाललं. पाव परत आला, दुखणं परत आलं.

नुसत्या योगायोगावर विज्ञान मानत नाही, म्हणून पुढचं काम महत्त्वाचं आहे. उट्रेक्टचे रसायनतज्ज्ञ व्हान डी कामर यांनी शौचातली चरबी मोजण्याची एक खात्रीची पद्धत बसवली. मुलानं किती स्निग्धांश खाल्ला आणि त्यातला किती वाया गेला, याचा हिशेब मांडता येऊ लागला. मग डिके यांनी गहू देऊन आणि गहू काढून आकडे पाहिले. स्निग्धांश तेवढाच ठेवला, गहू काढला, तर चरबी पचू लागली. गहू दिला, की पुन्हा वाया. १९५० साली त्यांनी हे प्रबंधात मांडलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत दोष गव्हातल्या ग्लूटेनचाच आहे हेही दाखवून झालं. ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या आतली मखमल झिजते. मखमल झिजली की तेल शोषायला जागाच उरत नाही, आणि ते जसंच्या तसं बाहेर पडतं. पासष्टएक वर्षं तेलावर जो आळ होता, तो तेलाच्याच हिशेबानं धुतला गेला.

आता आपल्या मुलखाकडे वळू.

'तेल' हा शब्दच तिळापासून आला. जुन्या मराठीत 'गोडं तेल' म्हणायचे ते मुख्यतः तिळाचं. देशावर त्याच्या जोडीला करडई, जवस, कारळा, आणि घाट उतरून कोकणात गेलं की खोबरेल. तेली हा गावगाड्यातल्या अलुतेदारांपैकी. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे चाकणचे तेली होते. रायगड किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल ज्यूंचाही धंदा तेल गाळण्याचा. ते शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. आठवड्याच्या सुट्टीवरून आडनावासारखी ओळख मिळालेली दुसरी जमात मला तरी माहीत नाही.

करडईचं मला विशेष कौतुक. रब्बीच्या शाळूच्या कडेनं करडईच्या ओळी टाकायची पद्धत होती. करडई काटेरी असते, त्यामुळे मोकाट जनावरं आत शिरत नाहीत. म्हणजे कुंपणही तेच आणि तेलही तेच. भाकरीची ज्वारी आणि फोडणीचं तेल एकाच रानातून घरात यायचं. या ताटात ग्लूटेनला शिरायला वाटच नव्हती. घाटमाथ्याकडे, आजरा-चंदगड-राधानगरीच्या बाजूला, ज्वारीच्या जागी नाचणी आणि भात. तिथंही तेच. गहू होता, पण तो सणाचा. पुरणपोळीसाठी, शेवयांसाठी, खपली गव्हाच्या खिरीसाठी.

शेंगदाणा मात्र पाहुणा. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बहुधा पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याकडे आला आणि बराच काळ कोपऱ्यात पडून राहिला. त्याचं नशीब उघडलं एकोणिसाव्या शतकात, मार्सेच्या साबण आणि तेल गिरण्यांना तेलबिया हव्या होत्या तेव्हा. पुढे इथल्या हलक्या-मध्यम जमिनी त्याला मानवल्या. 'कऱ्हाड ४-११' हे भुईमुगाच्या जातीचं नाव अजून जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडात आहे. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली ती आज गुळासाठी ओळखली जाते, पण पेठ म्हटली की गुळामागोमाग शेंग आणि मिरची आलीच. शेंगतेलानं तिळाच्या तेलाला हळूहळू ढकललं आणि 'गोडं तेल' हे नावही स्वतःकडे घेतलं. तांबडा रस्सा आणि मिसळीचा कट यांच्यावर जो तवंग आपण अभिमानानं मिरवतो, तो या अमेरिकन पाहुण्याच्या जिवावर. तसं मिरचीही तिकडचीच, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार?

एक मजेची बाजू उपवासाची आहे. शेंगदाणा, बटाटा, साबूदाणा ज्यापासून होतो तो कंद, राजगिरा हे सगळे अमेरिकेतून आलेले, आणि सगळे उपवासाला चालतात. वरईची भर घाला, की एकादशीचा फराळ आपोआप ग्लूटेनविना होतो. सिलिॲक असलेल्या पोराला मराठी घरात आठवड्यातून एक दिवस तरी पंगतीत वेगळं बसावं लागत नाही, तो उपवासाच्या दिवशी. पण ज्याला शेंगदाण्याचीच ॲलर्जी आहे त्याच्यासाठी हाच दिवस सगळ्यांत अवघड: खिचडीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि तळण शेंगतेलात.

गहू रोजचा झाला तो गेल्या साठ वर्षांत. आधी अमेरिकेचा पीएल-४८० चा गहू रेशनवर, मग हरितक्रांतीतल्या 'कल्याणसोना', 'सोनालिका' या जाती. चपाती ही शिकलेल्या, शहरी घराची खूण झाली आणि भाकरी गावाकडची. मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड आला. इकडे शाहू महाराजांनी सुरू केलेलं राधानगरीचं धरण स्वातंत्र्यानंतर पुरं झालं, पाणी आलं, ऊस आला आणि नदीकाठच्या रानातून करडईच्या ओळी नाहीशा झाल्या. खरिपात सोयाबीन वाढलं. एकाच पिढीत पीठही बदललं आणि तेलही बदललं. आजी म्हणते, "आमच्या वेळी असले आजार नव्हते." यातलं अर्धं खरं असावं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात सिलिॲकचं प्रमाण शंभरात १.२३, तर दक्षिणेत ०.१० निघालं. आजाराला लागणारे जनुक दक्षिणेतही होतेच, रोजचा गहू नव्हता. कोल्हापूर या दोन ताटांच्या बरोबर मधे बसलं आहे. उरलेलं अर्धं असं की आजीच्या वेळीही अशी मुलं असतील, पण त्यांना 'मुडदूस' किंवा 'दृष्ट' म्हणून सोडून दिलं असेल.

खपलीचा विषय इथंच संपवतो, कारण त्यावरून भांडणं होतात. खपली गहू हा जुना, चवीचा, आणि हल्ली महागही. पण तो गहूच आहे. त्यात ग्लूटेन आहे. सिलिॲकवाल्यानं तो खाऊ नये. 'देशी आहे, त्रास होत नाही' असं दुकानदार सांगेल. त्याचा धंदा आहे.

आणि तेलाचा प्रश्न? तो ग्लूटेनचा नसला तरी संपत नाही, कारण ॲलर्जी हा वेगळा प्राणी आहे. इथं तेलाचा इतिहास उलटा फिरतो.

१९३७ साली बाजारात डालडा आला. शेंगदाण्याच्या तेलात हायड्रोजन घालून तुपासारखं गोठवलेलं. गांधीजींच्या मंडळींनी त्याला कडाडून विरोध केला. १९३४ पासून वर्ध्यात ग्रामोद्योग संघाचं काम चालू होतं. तिथं झवेरभाई पटेल बैलघाण्यात सुधारणा करत होते, कमी कष्टात जास्त तेल निघावं म्हणून. तो लढा घाणा हरला. गिरण्या आल्या, पेंडीतलं उरलेलं तेल द्रावकानं खेचून काढायचे कारखाने आले, मग रिफाइंड आलं, रेशनवर पामतेल आलं. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलेलं निघालं आणि साठाहून जास्त माणसं गेली. त्यानंतर सुट्या तेलावर बंधनं आली आणि पिशवीबंद रिफाइंडचं राज्य पक्कं झालं. आता गेली काही वर्षं कोल्हापूरच्या आसपास रस्त्याच्या कडेला पुन्हा 'लाकडी घाणा' अशा पाट्या दिसतात. बैलाच्या जागी मोटर, पण लाट लाकडाची. घाण्याचं शेंगतेल वासाला अप्रतिम असतं. मी ते आवडीनं खातो.

पण वास म्हणजे काय? बीमधलं काहीतरी तेलात उतरलेलं असतं. त्यात प्रथिनांचा अंशही येतो. ॲलर्जी प्रथिनांना होते. रिफायनरीत तेल धुतात, उदासीन करतात, मातीतून गाळतात, वाफेनं त्याचा वास काढतात. त्यात चव जाते आणि प्रथिनंही जवळपास नाहीशी होतात. १९९७ साली ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० जणांना दोन्ही तेलं दिली. कच्च्या तेलानं सहाजणांना त्रास झाला, रिफाइंडनं एकालाही नाही. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यानं अतिशुद्ध तेलांना ॲलर्जीच्या लेबलातून सूट दिली ती याच समजुतीवर.

म्हणजे आपण 'नैसर्गिक ते चांगलं' असं डोळे झाकून म्हणतो तेव्हा एका माणसाच्या बाबतीत ते धोक्याचं ठरू शकतं. शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी असलेल्यानं घाण्याचं त्या बीचं तेल घेऊ नये, आणि रिफाइंडही डॉक्टरला विचारूनच. घाण्यावर दुसऱ्या बियांचं तेल घ्यायचं असेल तर आधी काय गाळलं होतं ते विचारायला हवं. सकाळी शेंग आणि दुपारी करडई एकाच उखळात गाळली असेल, तर करडईच्या तेलात शेंग आली. घाणेवाले विचारलं तर सांगतात. लपवण्यासारखं त्यात त्यांना काही वाटत नाही, कारण इतरांना त्यानं काही होत नाही.

शेंगेच्या बाबतीत अजून एक भानगड आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी अचानक मेले. तपास शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत गेला, आणि तिच्यावरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सापडलं. ओल लागलेल्या, बुरसटलेल्या शेंगा घाण्यात गेल्या तर ते तेलातही उतरू शकतं. रिफाइंड करताना ते बरंचसं निघून जातं. म्हणून घाण्याचं तेल घेताना तेल बघू नका, आधी शेंगदाणे बघा. काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे बाजूला काढतात का, हे पाचच मिनिटं उभं राहिलं तर दिसतं.

सिलिॲकवाल्यानं मात्र हा सगळा ताण घ्यायचं कारण नाही. त्याला शेंगतेल चालतं, करडई चालते, सोयाबीन, सूर्यफूल, पाम, घाण्याचं, रिफाइंड, सगळं चालतं. घाण्यावर कधी गव्हाचा अंकुर गाळत नसतील तर झालं. आतडं भरून येईपर्यंत काहींना जास्त तेलकट सोसत नाही, ते तात्पुरतं. बाटलीतल्या तेलाशी त्याचं भांडण नाही. त्याचं भांडण कढईतल्या तेलाशी आहे.

वड्याच्या गाडीवरची कढई आठवा. बटाटेवड्याचं आवरण बेसनाचं, त्यात ग्लूटेन नाही, असं आपण हिशेब करून म्हणतो. पण त्याच तेलात अर्ध्या तासापूर्वी समोसे तळले, त्याआधी पुऱ्या. मैद्याचे कण तळाशी बसलेले असतात आणि पुढच्या घाण्याला चिकटतात. मराठीत तेल गाळायच्या यंत्रालाही घाणा म्हणतात आणि कढईत एका वेळी सोडलेल्या वड्यांनाही. सिलिॲकवाल्यासाठी पहिला घाणा निर्धोक आणि दुसरा घातक. घरात त्याच्यासाठी छोटी कढई वेगळी ठेवावी, आणि तळणीचं उरलेलं तेल 'वाया कशाला घालवायचं' म्हणून त्याच्या भाजीत ओतू नये. हे आईला सांगणं सोपं असतं, आजीला अवघड.

फोडणीत दुसरा चोर बसलाय. हिंग. डबीतला हिंग शुद्ध नसतो. तो बांधायला डिंक आणि पीठ घालतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. तेल तापलं, मोहरी तडतडली, जिरं फुललं, आणि चिमूटभर हिंगाबरोबर गहू आत. आमच्या त्या मुलीच्या घरी चपाती सुटून तीन महिने झाले तरी दुखणं पुरतं जाईना, तेव्हा शेवटी ही डबी सापडली. तोवर तेलाचे चार ब्रँड बदलून झाले होते. हल्ली तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. २०२० च्या लेबल नियमांनुसार गव्हासारखी ग्लूटेनची धान्यं, शेंगदाणा, सोयाबीन यांचा उल्लेख वेगळा करावा लागतो. 'ग्लूटेन-फ्री' म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असू नये, असाही नियम आहे. पण वर्षाची चटणी, म्हणजे बाहेरचे लोक ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात ती, डंकावर कुटून आणतात. तिथं लेबल नसतं. घरून जाताना खडा हिंग न्यायचा, आणि आपलं कुटून होईपर्यंत तिथंच थांबायचं.

राहिली गिरणी. आपल्याकडे गिरणीत दळण ठेवताना बायका बजावून सांगतात, "गव्हावर गहू टाका हं." आधीच्या ज्वारीचं पीठ जात्यात राहिलं तर चपात्या लाटताना तुटतात, म्हणून. गिरणीवाल्याला हे पाठ असतं. ज्वारी घेऊन कोणी तसं सांगितलं, तर तो आधी हसतो. मग त्याला सांगावं लागतं की घरात असं असं आहे, थोडंही गव्हाचं पीठ चालत नाही. समजलं की बहुतेक जण ऐकतात. आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्यानं उपाय स्वतःच काढला: जातं धुवून टाकी दिली की पहिल्यांदा तांदूळ, मग ज्वारी, आणि गव्हाचे डबे तोवर रांगेत उभे. टाकीचा दिवस कधी ते तो फोन करून कळवतो.